कलमी आंबा आणि माणसाची प्रत

मुळशीतल्या अंगणातला कलमी आंबा म्हणजे मातृवृक्षाचा क्लोनच. त्याला कोणी हरकत घेत नाही. मग माणसाच्या क्लोनलाच का?

२०१३ साली सुरू झालेल्या ‘ऑर्फन ब्लॅक’ या कॅनडातील मालिकेत क्लोन तरुणींना आपल्याच डीएनएमध्ये पेटंटचा मजकूर सापडतो. शरीर त्यांचे, मालकी दुसऱ्याची! भारतीय कायदा प्राण्यांवर पेटंट देत नाही. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनी क्लोनिंगने मूल जन्माला घालणे निषिद्ध ठरवले आहे.

दुसरे कारण धोक्याचे. १९९६ मध्ये जन्मलेली ‘डॉली’ मेंढी २७७ प्रयत्नांतून जगलेली एकटीच. कलम जगले नाही, तर दुसरे बांधता येते. बाळाबाबत असे म्हणता येत नाही.