ऑलिम्पिकचा धावपटू, कोसळलेलं विमान आणि ४७ दिवस: 'अनब्रोकन'सारखी पुस्तकं नेमकं काय सांगतात?

२७ मे १९४३. हवाईच्या ओआहू बेटावरून अमेरिकेचं एक बी-२४ बॉम्बर विमान उडालं. काम होतं बेपत्ता झालेलं दुसरं बी-२४ शोधण्याचं. काही तासांत हे विमानही बेपत्ता झालं.

इंजिनात बिघाड होऊन ते प्रशांत महासागरात कोसळलं होतं. विमानात ११ जण होते, त्यातले तिघेच वाचले. त्यापैकी एक होता लुई झॅम्पेरिनी. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये हाच मुलगा वयाच्या १९ व्या वर्षी ५,००० मीटर शर्यतीत अमेरिकेकडून धावला होता. क्रमांक आठवा आला, पण शेवटची फेरी त्याने सुमारे ५६ सेकंदांत पूर्ण केली आणि सगळ्यांचं लक्ष वेधून घेतलं.

रबरी तराफ्यावर तिघे जण पावसाचं पाणी पीत आणि हाताला लागतील ते मासे, पक्षी खात जगत राहिले. ३३ व्या दिवशी फ्रान्सिस मॅकनमारा गेला. झॅम्पेरिनी आणि पायलट रसेल फिलिप्स ४७ व्या दिवशी मार्शल बेटांजवळ जपानी सैन्याच्या हाती लागले. पुढची दोन वर्षं युद्धकैदी म्हणून छळात गेली. इकडे अमेरिकेच्या लष्कराने झॅम्पेरिनीला मृत घोषितही करून टाकलं होतं.

हीच गोष्ट लॉरा हिलेनब्रँड यांनी 'अनब्रोकन' या पुस्तकात सांगितली. २०१० मध्ये आलेलं हे पुस्तक वर्षानुवर्षं बेस्टसेलर यादीत राहिलं. २०१४ मध्ये अँजेलिना जोलीने त्यावर सिनेमा काढला.

घोडा शोधताना सापडला धावपटू

हिलेनब्रँड यांचं पहिलं गाजलेलं पुस्तक 'सीबिस्किट' हे १९३० च्या दशकातल्या शर्यतीच्या घोड्याबद्दल होतं. त्यासाठी जुनी वर्तमानपत्रं चाळताना त्यांना झॅम्पेरिनीचं नाव दिसलं.

हिलेनब्रँड यांना क्रॉनिक फटिग सिंड्रोम हा थकवून टाकणारा आजार आहे. ग्रंथालयात जाणं किंवा मायक्रोफिल्म वाचणं त्यांना जमत नव्हतं. मग त्यांनी जुनी वर्तमानपत्रं विकत घेऊन घरीच वाचली आणि झॅम्पेरिनी यांच्या मुलाखती फोनवर घेतल्या. पुस्तक पूर्ण होईपर्यंत दोघांची प्रत्यक्ष भेटही झाली नव्हती.

मग विमानाचा इतिहास कुठे येतो?

दुसऱ्या महायुद्धात बी-२४ लिबरेटर विमानं १८,००० हून जास्त बनली. अमेरिकेचं दुसरं कोणतंही लष्करी विमान इतक्या संख्येने बनलेलं नाही. लांब, अरुंद पंखांमुळे ते दूरवर जाऊ शकायचं. त्यामुळे प्रशांत महासागरासाठी ते सोयीचं होतं.

पण त्याचे तोटेही होते. ते चालवायला जड होतं. पाण्यावर उतरावं लागलं, तर बॉम्ब ठेवण्याच्या कप्प्याचे हलके दरवाजे आत दबायचे आणि विमान तुटायचं. काही वैमानिक त्याला 'उडती शवपेटी' म्हणायचे.

ही माहिती तांत्रिक पुस्तकात वाचली तर विसरून जायला होते. पण त्याच विमानात एक ओळखीचा माणूस बसलेला असेल, तर दरवाजाचा कमकुवतपणाही धडकी भरवतो. अशा पुस्तकांचं यश यातच आहे.

शत्रूइतकेच अपघात जीवघेणे

'अनब्रोकन' वाचताना अनेकांना धक्का देणारी गोष्ट म्हणजे अपघातांचे आकडे. डिसेंबर १९४१ ते ऑगस्ट १९४५ या काळात, फक्त अमेरिकेच्या मुख्य भूमीवर तिथल्या लष्करी हवाई दलाचे ५२,६५१ विमान अपघात झाले. त्यात १४,९०३ जणांचा जीव गेला. यातल्या अनेकांनी युद्धभूमी पाहिलीही नव्हती. झॅम्पेरिनीचं विमानही शत्रूच्या गोळीने पडलं नव्हतं.

या विमानाचं भारताशी नातं काय?

युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी अनेक लिबरेटर विमानं मोडतोड करून कानपूरला सोडून दिली. बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टने ती दुरुस्त केली. भारतीय हवाई दलाने ती १९६८ पर्यंत वापरली, पुण्यातूनही ती उडाली. त्यातली काही आज ब्रिटन आणि अमेरिकेच्या संग्रहालयांत आहेत. विमान तेच, पण ही गोष्ट किती जणांना माहीत आहे?

वाचताना काय लक्षात ठेवावं?

पहिली गोष्ट, अशी पुस्तकं वाचलेल्या माणसाची असतात. झॅम्पेरिनी ९७ वर्षं जगले, त्यांनी स्वतःचं आत्मचरित्रही लिहिलं. विमानाबरोबर गेलेल्या आठ जणांकडे गोष्ट सांगायला कोणी उरलं नाही.

दुसरी, तराफ्यावरचे प्रसंग मुख्यतः वाचलेल्या दोघांच्या आठवणींवरच उभे आहेत. त्यामुळे लेखक कागदपत्रांशी पडताळणी किती करतो, हे महत्त्वाचं ठरतं.

तिसरी, सिनेमा म्हणजे पुस्तक नाही. जोलीचा सिनेमा प्रामुख्याने युद्धाच्या शेवटापर्यंतच जातो. पुस्तक पुढे घरी परतलेल्या झॅम्पेरिनींची दुःस्वप्नं आणि दारूही दाखवतं. १९४९ मध्ये ते धर्माकडे वळले आणि सावरले. नंतर जपानला जाऊन तुरुंगातल्या आपल्या जुन्या पहारेकऱ्यांना भेटले.

१९९८ मध्ये नागानो हिवाळी ऑलिम्पिकची मशाल घेऊन ते नाओएत्सूमध्ये धावले. याच गावात त्यांना कैदेत ठेवलं होतं. मात्र त्यांचा सर्वाधिक छळ करणारा मुत्सुहिरो वातानाबे याने तेव्हाही त्यांना भेटायला नकार दिला.