छतातला स्प्रिंकलर आणि थांबलेले पाणी

बुलढाणा जिल्ह्यात स्प्रिंकलर म्हटले की हरभऱ्याच्या रानात टकटक आवाज करत फिरणारे तुषार सिंचनाचे नोझल आठवते. त्याची वेगळी तपासणी कोणी करत नाही. नोझल तुंबले किंवा पाइप फुटला, तर मोटार सुरू करताच ते कळते. याच नावाचे दुसरे एक उपकरण मोठी रुग्णालये, गोदामे आणि बाजार-संकुले यांच्या छतांत बसवलेले असते. तेही पाणीच शिंपडते, पण फक्त आग लागल्यावर. म्हणजे वर्षानुवर्षे ते एकदाही चालत नाही. मग जे कधी चाललेच नाही, ते वेळ आल्यावर चालेल हे ओळखायचे कसे?

या उपकरणाचे कापसाशी जुने नाते आहे. अमेरिकेत हेन्री पार्मली यांनी आपल्या पियानोच्या कारखान्यासाठी १८७४ मध्ये स्वयंचलित स्प्रिंकलरचे पेटंट घेतले. फ्रेडरिक ग्रिनेल यांनी १८८१ च्या सुमारास त्यात मोठी सुधारणा केली. न्यू इंग्लंडमधील कापडगिरण्यांनी तो लवकर स्वीकारला. खामगाव-मलकापूरकडच्या वाचकांना याचे कारण सांगायला नको. जिनमध्ये कापसाबरोबर खडा आला तरी ठिणगी उडते आणि ती रुईत तासन्‌तास आत धुमसत राहू शकते.

आता छताकडे पाहू. स्प्रिंकलरच्या तोंडाशी एक झाकण असते आणि ते रोखून धरणारी काचेची छोटी कुपी असते. कुपीत रंगीत द्रव आणि हवेचा लहानसा बुडबुडा असतो. उष्णतेने द्रव प्रसरण पावतो, बुडबुडा नाहीसा होतो, दाब वाढतो आणि कुपी फुटते. झाकण निसटते व पाणी सुटते. चित्रपटात सगळे स्प्रिंकलर एकदम सुरू होतात. प्रत्यक्षात ज्याची कुपी तापली, तेवढाच सुटतो.

द्रवाचा रंग कुपी किती तापमानाला फुटेल हे सांगतो. नारिंगी ५७, लाल ६८, पिवळा ७९, हिरवा ९३ आणि निळा १४१ अंश सेल्सिअस. छताजवळ एरवी जे कमाल तापमान असते, त्याहून निदान ३० अंशांनी वरची कुपी निवडायची असा नियम आहे. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४२-४४ अंश असतात, पत्र्याखाली त्याहून जास्त. तेथे लाल कुपी आगीवाचूनही फुटण्याचा धोका असतो. म्हणून छप्पर कसले आहे हे पाहणे तपासणीचाच भाग आहे.

तपासणीचा पहिला टप्पा नुसत्या डोळ्यांचा. कुपीतला द्रव गळून गेला आहे का? स्प्रिंकलरवर रंग बसला आहे का? रंगाने कुपी उशिरा तापते आणि झाकण चिकटते. असा स्प्रिंकलर खरवडत बसत नाहीत, बदलतात. त्यावर रुईची लव साठली आहे का? तीही गोधडीसारखी उष्णता अडवते. खाली मालाची थप्पी किमान अर्धा मीटर तरी दूर आहे का? उंच थप्प्यांच्या गोदामात हे अंतर आणखी जास्त लागते.

दुसरा टप्पा अवघड आहे. कुपी फोडून पाहिली तर ती कामातून गेली. म्हणून जागेवर स्प्रिंकलरची नव्हे, तर त्याच्यापर्यंत येणाऱ्या पाण्याची परीक्षा घेतात. स्प्रिंकलर पुष्कळ जुने झाले की त्यांतले काही नमुने काढून प्रयोगशाळेत पाठवतात.

पाण्याची परीक्षा सोपी वाटते. दाबमापकावर पुरेसा आकडा दिसला की झाले! पण इथेच फसगत होते. ती समजण्यासाठी वर्गात एक प्रयोग करून पाहावा असे आम्ही सुचवतो.

तळाशी तोटी असलेला पाण्याचा डबा टेबलावर थोडा उंच ठेवा. तोटीला लवचिक नळी जोडा. नळीच्या शेवटाजवळ टी-जोड बसवून त्यात एक पारदर्शक नळी उभी करा. हा आपला दाबमापक. नळीच्या टोकाला बॉलपेनचे निमुळते पुढचे टोक बसवा आणि त्यावर बोट धरा. उभ्या नळीत पाणी डब्यातल्या पातळीइतके चढेल. बोट काढा. धार सुटेल व पातळी थोडी उतरेल. आता डब्याजवळ नळी चिमट्याने जवळजवळ बंद होईल इतकी दाबा आणि टोक पुन्हा बोटाने बंद करा. थोड्या वेळाने उभ्या नळीत पाणी पूर्वीइतकेच चढलेले दिसेल! चिमट्याचा पत्ताच लागणार नाही. पण बोट काढताच पातळी झर्रकन खाली येईल.

पाणी थांबलेले असताना अडथळा दिसत नाही, पाणी वाहू लागले की दिसतो. म्हणून मुख्य नळाजवळची निचऱ्याची झडप पूर्ण उघडून पाणी सोडतात आणि दोन आकडे लिहितात: थांबलेल्या पाण्याचा दाब आणि वाहत्या पाण्याचा दाब. थांबलेला दाब तोच, पण वाहता दाब मागच्या खेपेपेक्षा बराच कमी आला, तर वाटेत कुठेतरी झडप अर्धवट मिटली आहे किंवा नळात गाळ व गंज साचला आहे. दुरुस्तीसाठी बंद केलेली झडप पुन्हा उघडायला विसरणे हे जगभर स्प्रिंकलर न चालण्याचे प्रमुख कारण ठरले आहे. पूर्णा खोऱ्याच्या खारपाण पट्ट्यात तर लोखंडी नळांना जास्तच जपावे लागते, कारण खारे पाणी गंज वाढवते.

दाबाचे महत्त्व आकड्यांत पाहू. नेहमीच्या एका स्प्रिंकलरमधून मिनिटाला येणारे पाणी, लिटरमध्ये, साधारण ८० गुणिले दाबाचे वर्गमूळ इतके असते. दाब बारमध्ये घ्यायचा. १ बारला ८० लिटर, पाव बारला ४० लिटर.

तिसरी परीक्षा गजराची. सर्वांत दूरच्या टोकाला एक चाचणी-झडप असते. तिचे छिद्र एका स्प्रिंकलरच्या तोंडाएवढे. ती उघडणे म्हणजे एक कुपी फुटल्याचे सोंग करणे. पाणी वाहू लागले की गजर वाजला पाहिजे. त्याला किती सेकंद लागले, तेही लिहून ठेवतात. दाब उतरल्यावर पंप आपोआप सुरू झाला पाहिजे आणि वीज गेलेली असली तर डिझेलचा.

२००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाने इमारतीच्या मालकावर किंवा भोगवटादारावर एक जबाबदारी टाकली: आगप्रतिबंधक यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र, नमुना 'ब', दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत सादर करायचे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि १० बालके गेली. त्यानंतर राज्यभरच्या रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले.

प्रमाणपत्रावर सही करायला एक मिनिट पुरते. झडप उघडून दोन आकडे घ्यायला थोडा जास्त वेळ लागतो आणि कपडे भिजतात. पुढच्या वेळी विद्यार्थ्यांना घेऊन एखादे रुग्णालय किंवा गोदाम पाहायला गेलात, तर तेथील जबाबदार व्यक्तीला नम्रपणे एवढेच विचारा: मागच्या चाचणीत पाणी वाहत असताना दाब किती होता? उत्तर वहीत लिहिलेले असेल, तर तेथे कोणीतरी खरोखर पाणी सोडून पाहिले आहे.