नांदेडचे दोन ‘डी’

आमच्या नांदेडच्या नावात एक गंमत दडलेली आहे. सारा जन्म इथे काढूनही ती माझ्या ध्यानात आली नव्हती. रोमन लिपीत नांदेड लिहिले, की ‘डी’ हे अक्षर दोनदा येते. त्यातला पहिला म्हणजे आपला द आणि दुसरा ड! आपण सवयीने बरोबर वाचतो. परक्याने काय करावे?

हा परका म्हणजे आमची नातच. ती अमेरिकेत वाढली, देवनागरी तिला येत नाही. गेल्या दिवाळीत फोनवर तिने फर्मावले, “आजोबा, आपल्या घरातली सगळी माणसं मला लिहून पाठवा.”

पंडित मंडळींनी या अडचणीवर तोड काढून ठेवलेली आहेच. ड साठी ‘डी’खाली ठिपका, ळ साठी ‘एल’खाली ठिपका, दीर्घ स्वरावर आडवी रेघ. लातूरला दोन रेघा, तर जळकोटला दोन ठिपके! मी नांदेडास बसून वंशावळ टंकली आणि लातूरच्या आक्काने तिकडून भर घातली.

मग नांदेडात जन्मलेली माणसे तेवढी संगणकाकडून निवडून घेतली आणि नव्वदीच्या आईला वाचून दाखवली. आईने शांतपणे ऐकून घेतले नि विचारले, “आणि माझा धाकटा भाऊ कुठाय रे?”

तो मामा दीड वर्षाचा होऊन गेला. त्याचा ना फोटो, ना कुठे कागद. मी आक्काला फोन लावला. ती उसळलीच, “अरे, मी माझ्या हातानं लिहिलाय त्याला! गाव नांदेडच घातलंय.”

पाहतो तो खरेच! तिचे नांदेड आणि माझे नांदेड, ठिपक्यासकट हुबेहूब.

कोडे भाच्याने सोडवले. “मामा, यंत्राला अक्षर दिसत नाही, आकडा दिसतो.” साध्या लहान ‘डी’चा आकडा १००. आस्की या जुन्या अमेरिकन संकेतात जागाच मुळी १२८. तिथे ठिपकेवाल्यांना कोण विचारतो? १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि देशोदेशींच्या लिप्या एका यादीत येऊ लागल्या. तीत आपला ड २३३७ वा, ळ २३५५ वा आणि ठिपक्याचा ‘डी’ ७६९३ वा.

पण मेख पुढेच आहे. खाली बसणाऱ्या नुसत्या ठिपक्यालाही स्वतंत्र आकडा आहे, ८०३. म्हणजे १०० आणि त्यामागे ८०३ लिहिले, तरी डोळ्यांना तेच अक्षर दिसते! माझ्या कळफलकाने ७६९३ दिला होता, आक्काच्या कळफलकाने ही जोडी. दोन्ही समान मानावीत, असे युनिकोडचा नियम सांगतो आणि एकाच रूपात आणण्याची रीतही घालून देतो. आमच्या शोधयंत्रणेने मात्र ती पाळली नव्हती. ती आकड्याला आकडा ताडून पाहत होती आणि आक्काने लिहिलेली माणसे बिनबोभाट गळत होती.

भाच्याने सगळी अक्षरे एका रूपात आणली. पुन्हा शोधले आणि मामा सापडला.

रविवारी नातीने फोनवर यादी वाचली. ‘नां’ झाले, ‘दे’ झाले. ठिपका पाहून ती क्षणभर थबकली, जीभ मागे वळवली आणि स्वच्छ ‘ड’ म्हणाली. शेवटी तिने पणजीच्या धाकट्या भावाचे नाव घेतले.

आईने डोळे मिटले. म्हणाली, “आता सगळे आले.”