उजळणी वर्ग, एम.फिल. आणि पदोन्नती

महाविद्यालयाच्या वार्षिक वृत्तांतात उद्बोधन व उजळणी वर्ग पूर्ण करणाऱ्या प्राध्यापकांचे अभिनंदन छापले जाते. परंतु त्या वर्गांचा पदोन्नतीशी असलेला संबंध तेथे क्वचितच स्पष्ट होतो. प्रस्तुत टिपणात तो मांडला आहे.

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने अकॅडेमिक स्टाफ कॉलेजची योजना आखली. पुढे त्यांची मानव संसाधन विकास केंद्रे झाली व २०२३ पासून मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रे. पूर्वी कवठे महांकाळच्या अध्यापकास तीन-चार आठवडे पुण्यास मुक्काम हलवावा लागे. त्याचे तास सहकारी घेत. ऑनलाइन वर्गांमुळे प्रवास वाचला, पण आता सकाळी तास घेऊन दुपारी स्वतः विद्यार्थी व्हावे लागते!

आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार सहायक प्राध्यापकाच्या पहिल्या पदोन्नतीसाठी पीएच.डी.धारकास चार, एम.फिल.धारकास पाच आणि इतरांस सहा वर्षे सेवा आवश्यक आहे. शिवाय २१ दिवसांचा उद्बोधन वर्ग. २०२२ च्या विनियमांनी एम.फिल. अभ्यासक्रम बंद झाला, तरी पूर्वी मिळालेली पदवी ग्राह्य आहे. मात्र तिचा लाभ या एका वर्षापुरताच. सहयोगी प्राध्यापकपदास पीएच.डी. अनिवार्य असल्याने केवळ एम.फिल.वर विसंबलेला अध्यापक तिसऱ्या पदोन्नतीस अडतो. तेव्हा नोंदणीची धावपळ सुरू होते आणि मधली वर्षे हातची गेलेली असतात.

वृत्तांतात अभिनंदनासोबत वर्गाच्या प्रारंभ-समाप्तीच्या तारखाही द्याव्यात. वर्ग मूल्यमापन कालावधीत पूर्ण झाला की नाही, हे छाननीत त्यांवरूनच ठरते.