नव्वदीत पावणेतीनपट ताकद!

‘आता वय झालं, हातपाय गळणारच,’ हे वाक्य वर्धा जिल्ह्यात घरोघरी ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे. वय थांबवता येत नाही. खंगणं मात्र बऱ्याच अंशी थांबवता येतं, कधी कधी उलट फिरवताही येतं. त्यासाठीचं औषध मेडिकलच्या दुकानात मिळत नाही. चार माणसं जमवून, एकत्र घाम गाळून ते घ्यावं लागतं.

दहा जण, आठ आठवडे

१९९० सालची गोष्ट. अमेरिकेत बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात ८६ ते ९६ वर्षांच्या दहा जणांना पायांच्या ताकदीचा व्यायाम दिला. आठवड्यातून तीनदा, पायाला वजन लावून, असे आठ आठवडे. व्यायाम पूर्ण करणाऱ्या नऊ जणांच्या मांडीच्या स्नायूंची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट झाली. दोघांच्या हातातली काठीच सुटली! स्नायूला वय कळत नाही, काम कळतं.

पाच खुणा

माणूस खंगला हे डॉक्टर कसं ओळखतात? अमेरिकेतल्या संशोधक डॉ. लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये पाच खुणा सांगितल्या. न ठरवता वर्षभरात साडेचार किलोंहून जास्त वजन उतरणं, सततचा थकवा, हाताची सैल पकड, मंदावलेली चाल आणि कमी झालेली हालचाल. तीन खुणा दिसल्या तर माणूस खंगला समजायचं. एक-दोन असतील तर तो उंबरठ्यावर आहे. उंबरठ्यावरच्यांनीच सगळ्यात आधी उठायला हवं, कारण त्यांना परत फिरणं जास्त सोपं असतं.

पकड किती मोलाची? भारतासह १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे कुणाच्या जिवाला धोका आहे, हे रक्तदाबाच्या वरच्या आकड्यापेक्षा हाताच्या पकडीवरून जास्त चांगलं सांगता आलं. आई धुतलेलं लुगडं पूर्वीसारखं पिळू शकत नसेल, तर तिकडे लक्ष द्या.

मांडी घालून बसता ना?

ब्राझीलच्या डॉक्टरांनी ५१ ते ८० वयाच्या दोन हजार लोकांना एकच काम सांगितलं : जमिनीवर बसा आणि परत उभे राहा. बसण्याचे पाच गुण, उठण्याचे पाच. हात टेकला, एक गुण गेला. गुडघा टेकला, आणखी एक गेला. तोल गेला, अर्धा गेला. पुढच्या काही वर्षांत कमी गुणवाल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कितीतरी जास्त दिसलं. आपल्याकडे पंगतीत, भजनात, सेवाग्रामच्या प्रार्थनेत माणसं आजही जमिनीवर बसतात. गुडघे चांगले असतील तर ही सवय सोडू नका. सगळं घर डायनिंग टेबलावर गेलं की ही रोजची परीक्षाही बंद होते आणि रोजचा सरावही.

बापू चालत आले, विनोबा चालत राहिले

३० एप्रिल १९३६. वर्ध्याचा उन्हाळा, आणि गांधीजी वर्ध्याहून शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, पायी निघाले. अंतर सुमारे आठ किलोमीटर, वय सहासष्ट. सहा वर्षांपूर्वीच त्यांनी दांडीची सुमारे ३८५ किलोमीटरची यात्रा २४ दिवसांत पूर्ण केली होती.

पवनारचे विनोबा तर त्याहून पुढचे. १८ एप्रिल १९५१ ला पोचमपल्लीत भूदान सुरू झालं तेव्हा ते ५५ वर्षांचे होते. त्याच सप्टेंबरात पवनारहून ते पायीच दिल्लीला निघाले. देशभर पायपीट करून १९६४ मध्ये पवनारला परतले, तेव्हा वय अडुसष्ट. दोघंही एकटे चालले नाहीत, सोबत कायम माणसं असत. चालणं टिकवायचं असेल तर सोबत जमवा, हे या जिल्ह्याला वेगळं शिकवायला नको.

चालणं चांगलं, पण पुरेसं नाही

बरेच ज्येष्ठ ‘मी रोज चालतो’ म्हणून थांबतात. इथे माझं मत स्पष्ट आहे : चाला, पण तेवढ्यावर समाधान मानू नका. १०८ चाचण्या आणि २३ हजारांहून जास्त लोकांचा एकत्रित आढावा २०१९ मध्ये आला. व्यायामामुळे पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटलं. त्यात खरा जोर तोल सांभाळण्याच्या आणि उठ-बस करण्याच्या व्यायामाचा होता. नुसत्या चालण्याने पडणं टळतं, असा ठाम पुरावा मिळाला नाही. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्यांना आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम करायला सांगते, ते याचसाठी.

सुरुवात कशी करायची? मजबूत खुर्ची घ्या, तिची पाठ भिंतीला टेकवून ठेवा, म्हणजे सरकणार नाही. पुढच्या कडेवर बसा. पावलं जमिनीवर सपाट, हात छातीवर आडवे. पुढे झुका, नाक पायाच्या बोटांच्या वर येऊ द्या आणि उठा. बसताना धप्पकन नको. मनात चारपर्यंत मोजत हळूहळू खाली या. खरं काम त्या खाली येण्यातच होतं. आता चारची मोजणी सोडून, तीस सेकंदांत किती वेळा उठ-बस जमते ते पाहा. पासष्ट ते एकोणसत्तरच्या वयात पुरुषाला बारापेक्षा आणि बाईला अकरापेक्षा कमी जमलं, तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असं समजा. नंतर खुर्चीची पाठ धरून एका पायावर उभं राहा; मग देवळाच्या फरशीच्या रेषेवर एका पायाच्या बोटांपुढे दुसऱ्याची टाच ठेवत चाला, शेजारी कुणाला तरी उभं करून. छातीत दुखतं, चक्कर येते किंवा नुकतंच ऑपरेशन झालंय, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

जपानचा हॉल, आपलं देऊळ

जपानच्या कोची शहराने २००२ मध्ये ज्येष्ठांसाठी खुर्चीवरचा गट-व्यायाम सुरू केला. मनगटाला नि घोट्याला छोटी वजनं बांधायची, ती हळूहळू दोन किलोंच्या आसपास न्यायची. गल्लीतले रहिवासी स्वतःच जमतात आणि स्वतःच गट चालवतात. पुढे देशभर ठिकठिकाणी हे गट उभे राहिले.

हे वाचताना मला आपली गावं दिसतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेला माणसं जमतात, भजनी मंडळं आहेत, बचत गट आहेत, ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. माणसं जमवण्याचं सगळ्यात अवघड काम झालेलंच आहे. प्रार्थनेआधी वीस मिनिटं खुर्च्या मांडायच्या, पाण्याने भरलेल्या लिटरच्या बाटल्या हातात घ्यायच्या. एक बाटली म्हणजे एक किलो वजन. सावंगी (मेघे) इथे फिजिओथेरपीचं कॉलेज आहे, सेवाग्रामला १९६९ पासून मेडिकल कॉलेज आहे. पहिले दोन धडे तिथल्या जाणकारांकडून घ्यावेत. एकट्याने केलं तरी फायदा होतोच, पण एकट्याचा व्यायाम पावसाळ्यापर्यंतही टिकत नाही. मे महिन्यात मात्र पहाटेच उरका, वर्ध्याचं ऊन कुणाची गय करत नाही.

हसणाऱ्यांचा गट

१३ मार्च १९९५ ला मुंबईत डॉ. मदन कटारिया यांनी पाच जणांना घेऊन बागेत हास्य क्लब सुरू केला. आधी विनोद सांगत, पण लवकरच चांगले विनोद संपले. मग विनोदाशिवायच हसायचं ठरलं! आज जगभर असे क्लब आहेत. व्यायामाचा गटही असाच पाच जणांत सुरू करता येतो.

ताटात वरण जास्त

व्यायाम केला नि ताटात नुसता भात, तर स्नायू बांधायचे कशाने? तज्ज्ञ ज्येष्ठांना वजनाच्या किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं सुचवतात; पन्नास किलोच्या आजीला ५० ते ६० ग्रॅम. वाटीभर घट्ट वरण, झुणका, दूध-दही, चालत असेल तर अंडं. किडनीचा त्रास असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच.

एसटीची पहिली पायरी

ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत आहे. पण बसची पहिली पायरी उंच असते, आणि ती चढायला मांडीत जोर लागतो. १ ऑक्टोबर हा ज्येष्ठ नागरिक दिन. त्या दिवशी शाल-श्रीफळ देणाऱ्या मंडळांनी यंदा दहा मजबूत खुर्च्या द्याव्यात आणि त्याच संध्याकाळी पहिला वर्ग घ्यावा.