गाळात रुतलेले बंदर, गीतीत राहिलेली गंगा

राजापूर अर्जुना नदीने घडवले आणि तिच्याच गाळाने त्याचे बंदर बुजवले. एके काळी जैतापूरच्या खाडीतून भरतीच्या पाण्यावर गलबते आत शिरत आणि गावाच्या दगडी धक्क्याला लागत. अणुस्कुरा घाट उतरून देशावरचा माल इथे येई. मिरी, वेलदोडे आणि तलम कापड यांची उलाढाल एवढी होती की विजापूरच्या आदिलशाहीत हे मोठे बंदर गणले जाई. अरब व्यापाऱ्यांचा राबता जुनाच होता. १६४९ च्या सुमारास इंग्रजांनी वखार घातली, पुढे फ्रेंचही आले.

१६६० मध्ये विजापूरचा सरदार सिद्दी जौहर याने पन्हाळ्यावर असलेल्या शिवाजी महाराजांना वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन तोफा आणि दारूगोळा घेऊन तिथे गेला आणि इंग्रजांचे निशाण लावून त्याने गडावर मारा केला. त्याची किंमत वखारीला चुकवावी लागली. मार्च १६६१ मध्ये शिवाजी महाराज राजापुरावर चालून आले. वखार खणून काढण्यात आली. रेव्हिंग्टन आणि त्याचे साथीदार कैद झाले; त्यांतले शेवटचे कैदी १६६३ मध्ये सुटले. नुकसानभरपाईचा तगादा ईस्ट इंडिया कंपनीने पुढे वर्षानुवर्षे लावला आणि राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ च्या तहात, १०,००० होन देण्याचे ठरले.

तलवारीच्या आणि तराजूच्या या गावात लेखणीलाही मान होता. बाळाजी आवजी चिटणिसांच्या घराण्याची परंपरा सांगते की जंजिऱ्याच्या सिद्दीने बाळाजींचे वडील आवजी यांना ठार केले आणि त्यांच्या बायकामुलांना विकण्यासाठी जहाजावर चढवले. ते जहाज राजापूरला लागले आणि मुलांच्या मामाने त्यांना सोडवून घेतले. त्यांतला बाळाजी इथेच कारकुनी करू लागला. त्याचे अक्षर आणि त्याची लेखनशैली महाराजांच्या नजरेत भरली आणि राजापूरचा हा कारकून स्वराज्याचा चिटणीस झाला.

१७१३ मध्ये राजापूर आंग्र्यांकडे गेले, १७५६ मध्ये पेशव्यांनी ते घेतले आणि १८१८ मध्ये इंग्रजांचा अंमल बसला. मधल्या काळात या तालुक्यातल्या सौंदळचे पराडकर घराणे घाट चढून पन्हाळ्याला गेले होते. ज्या गडावर राजापूरच्या तोफा डागल्या गेल्या, त्याच गडावर १७२९ मध्ये या घरात मोरोपंतांचा जन्म झाला. तिथेच केशव आणि गणेश पाध्ये यांच्याकडे त्यांचे अध्ययन झाले. पुढे बाबूजी नाईकांच्या आश्रयाने ते बारामतीस राहिले आणि १७९४ मध्ये निवर्तले. ‘आर्याभारत’, ‘केकावली’ आणि त्यांची अष्टोत्तरशत रामायणे मराठी वाचकाला ऐकून तरी माहीत असतात. राजापूरच्या गंगेवर त्यांनी ‘गंगाप्रतिनिधितीर्थकीर्तन’ हे गीतिकाव्य रचले, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

ही गंगा उन्हाळे गावाच्या माथ्यावर आहे. पायथ्याशी गरम पाण्याचा झरा आणि वर चौदा कुंडे. एरवी ती कोरडी असतात. साधारण तीन वर्षांनी वडाच्या मुळाशी पाणी उसळते आणि बघता बघता काशीकुंड भरून गायमुखातून धार लागते. काही काळ वाहून गंगा पुन्हा लुप्त होते. अलीकडे तिच्या येण्याजाण्याचा हा क्रम बिघडला आहे. जमिनीखालच्या पोकळ्यांत साठलेले पाणी वक्रनळीसारखे एकदम उपसले जात असावे, असे भूशास्त्राच्या अंगाने सांगतात. लोककथा सांगते ती गंगाजी साळुंखे या शेतकऱ्याची. म्हातारपणी त्याला पंढरीची वारी झेपेना, तेव्हा गंगाच त्याच्या शेतात आली.

मला मोरोपंतांचे मोठेपण इथे जाणवते. अवघे महाभारत आर्येत बांधणारा हा पंडित कवी आपल्या मुलखातल्या आडवाटेच्या तीर्थाला काशीच्या गंगेची प्रतिनिधी म्हणतो आणि तिच्यासाठी आपले सारे सामर्थ्य पणाला लावतो. प्रादेशिक साहित्य हा शब्दप्रयोग रुळण्याच्या कितीतरी आधी त्यांनी जे केले, त्याला दुसरे काय म्हणायचे?

बंदराचे भाग्य मात्र फिरत गेले. सह्याद्रीच्या उतारांवरची माती पावसागणिक नदीत येत राहिली आणि पात्र उथळ झाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अरबांची गलबते रत्नागिरी जिल्ह्यात थेट येत ती एकट्या राजापूरला. पण मोठ्या गलबतांना जुन्या धक्क्यापासून तीन मैल अलीकडेच थांबावे लागे. पुढे मुंबई-गोवा महामार्ग आला, १९९८ मध्ये कोकण रेल्वे धावू लागली, तिचे स्थानक मात्र गावापासून दूर सड्यावर. आता नदीची आठवण होते ती अर्जुना आणि कोदवली या दोन्ही नद्या एकदम फुगून जवाहर चौकात पाणी भरते तेव्हा. गाळ उपसण्याची कामे हल्ली होतात, ती दर उन्हाळ्यात नेमाने व्हायला हवीत, कारण उथळ पात्राची शिक्षा बाजारपेठ दर पावसाळ्यात भोगते.

गाळ नदीत साचतो तसा स्मृतीतही साचतो. कोकणच्या लेखकांची नावे घेताना आपण मालगुंडचे केशवसुत आठवतो, आरवलीचे जयवंत दळवी आठवतो. सौंदळच्या पराडकरांची आठवण काढत नाही. तालुक्यातल्या शाळांनी आणि वाचनालयांनी मोरोपंतांचे गंगेवरचे काव्य मुलांच्या हाती द्यावे, अवघड शब्दांचे अर्थ लावून द्यावेत. पुढच्या वेळी गंगा येईल तेव्हा स्नानाला आलेल्यांनी ते कुंडाच्या काठावर मोठ्याने म्हणावे. त्याच्या नावातच कीर्तन आहे.