जुन्या मोटारीचा तळ आणि रंगाखाली उरणारे क्षार

जुन्या मोटारींच्या जीर्णोद्धाराविषयी आपल्याकडे जी चर्चा होते, तीत बाह्यांगाची झळाळी, आतील गाद्या आणि इंजिन यांचाच विचार प्रामुख्याने असतो. तळाकडे लक्ष जाते ते बहुधा पाय ठेवायची जागा पायाखाली खचू लागली म्हणजे. ही उपेक्षा प्रीमियर पद्मिनीसारख्या गाडीच्या बाबतीत विशेष घातक ठरते. १९५३ साली इटलीत निघालेल्या फियाट ११०० च्या ज्या नव्या घडणीपासून पद्मिनीची परंपरा सुरू होते, तिच्यात स्वतंत्र चॅसिस नव्हती. पातळ पत्र्याचे भाग दाबून, वाकवून व ठिपक्यांच्या वेल्डिंगने जोडून बनविलेली काया हाच त्या गाडीचा सांगाडा होय. साहजिकच दारांखालच्या पोकळ तुळया आणि मागील कमानपाट्यांच्या बैठका गंजल्या, म्हणजे गाडीचे केवळ रूप बिघडते असे नव्हे. तिचा कणाच दुर्बल होतो.

मुंबईच्या रस्त्यांवरील पद्मिनी टॅक्सींची सेवा ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. आज ज्या पद्मिनी हौशी मालकांकडे जतन होत आहेत, त्यांपैकी अनेकींनी कितीतरी पावसाळे समुद्रकाठी काढलेले असणार. अशा गाडीचा तळ खरवडून त्यावर नवा रंग दिला, तरी दोन-तीन पावसाळ्यांत त्याच जागी फोड येतात. मालक रंगाला दोष देतो, रंगारी हवेला. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, दोष पुष्कळदा या दोहोंतही नसून रंगापूर्वी पत्र्यावर जे राहून गेले त्यात असतो. आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

लोखंड गंजणे ही विद्युत्-रासायनिक क्रिया आहे. पत्र्याच्या एका बिंदूवर लोह विरघळते, शेजारच्या बिंदूवर हवेतील ऑक्सिजन पाण्याच्या साहाय्याने इलेक्ट्रॉन स्वीकारतो, आणि मधल्या ओलाव्यातून आयनांची ये-जा चालते. समुद्री मीठ या ओलाव्याची वाहकता वाढविते, परंतु त्याचे खरे उपद्रवमूल्य निराळेच आहे. क्लोराइड आयन विरघळणाऱ्या लोहाच्या ओढीने गंजाच्या खळग्यांत तळाशी जाऊन बसतात व तेथे फेरस क्लोराइड साठते. त्याचे ऑक्सिडीकरण व जलविच्छेदन होऊन गंज बनतो, पण क्लोराइड खर्च होत नाही. मुक्त झालेले आम्ल पुन्हा नव्या लोहाला भिडते. थोडक्या क्लोराइडने पुष्कळ लोह नासते ते यामुळेच. शिवाय हे क्षार हवेतील बाष्प शोषतात. साधे मीठ सुमारे ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला पाझरू लागते, फेरस क्लोराइड तर त्याहून बरेच आधी. कोकणपट्टीतील पावसाळ्याची आर्द्रता ध्यानी घेतली, म्हणजे रंगाच्या अखंड दिसणाऱ्या पापुद्र्याखालीही ओलावा कसा जमतो, हे निराळे सांगावयास नको. रंगाचा थर बाष्पाला पूर्णपणे अडवू शकत नाही. आतील क्षार ते ओढून घेतात आणि फोड उठतो.

या दृष्टीने पाहता तळ स्वच्छ करण्याच्या क्रमाला महत्त्व येते. आपल्या गॅरेजांत सामान्यतः प्रथम तारेचा ब्रश किंवा ग्राइंडर हाती घेतला जातो. हा क्रम उलटा आहे. तेलकट चिखल आणि क्षार जागेवर असताना घासणी केली तर ते खळग्यांत अधिकच दडपले जातात. वरचा पत्रा मात्र चकाकतो आणि काम झाल्याचा भास होतो. म्हणून पहिले काम धुण्याचे. पेट्रोलची टाकी व नळ्या उतरवून, गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता भक्कम घोड्यांवर घेऊन, अल्कधर्मी धावणाने तेल काढावे आणि भरपूर गोड्या पाण्याने तळ धुवावा. विहिरीचे मचूळ पाणी येथे वापरणे म्हणजे एका हाताने काढलेले दुसऱ्या हाताने परत करणे होय.

यानंतर डांबरी लेपाचा प्रश्न येतो. हा लेप संरक्षक म्हणून दिलेला असतो खरा, परंतु वर्षे लोटली की तो कडक होऊन तडकतो, आणि तडीतून शिरलेले पाणी त्याच्या आड महिनोन्महिने राहते. लेप काळाभोर व अभंग दिसतो त्या जागीच टोचणी खुपसून पाहावी, हे बरे. उष्ण हवेने तो मऊ करून बोथट पटाशीने काढता येतो. पोकळ भागांत इंधनाची वाफ नाही याची खात्री मात्र आधी हवी. घन कार्बन डायऑक्साइडच्या, म्हणजे उणे ७८ अंश सेल्सिअस तपमानाच्या कणांचा मारा केल्यास लेप ठिसूळ होऊन निखळतो. ही रीत स्वच्छ असली तरी खर्चिक आहे, आणि पक्का गंज तिने निघत नाही.

गंजासाठी कणांचा झोत हेच प्रभावी साधन. मात्र त्यासाठी नदीची वाळू वापरण्याची प्रथा सर्वथा त्याज्य मानली पाहिजे. फुटलेल्या सिलिकेची धूळ फुप्फुसांत जाऊन सिलिकोसिस होतो, आणि त्यावर उतारा नाही. ब्रिटनमध्ये १९४९ च्या नियमांनीच अशा कामी वाळूला बंदी केली; तेव्हा ही माहिती नवी आहे असे कोणी म्हणू नये. गार्नेटचे कण वापरता येतात, तरीही श्वसनरक्षण आवश्यकच राहते, कारण जुन्या रंगांत शेंदूर अथवा अन्य शिसेयुक्त द्रव्ये असू शकतात. सपाट पातळ पत्र्यावर झोताचा दाब कमी ठेवावा. पत्रा वाकतो तो उष्णतेने, अशी समजूत आहे. वस्तुतः कणांच्या आघातांनी एकच पृष्ठ ताणले जाते आणि पत्रा फुगतो.

आम्लाचा मार्ग मोहक आहे. हायड्रोक्लोरिक आम्लाने गंज झरझर उतरतो, परंतु ज्या क्लोराइडला हाकलायचे तेच आपण दुपदरी सांध्यांत भरतो. कमानपाट्यांसारख्या उच्चबल पोलादात आम्लामुळे हायड्रोजन शिरून ठिसूळपणा येतो, तोही धोका आहे. फॉस्फोरिक आम्ल त्या मानाने सौम्य असून उरलासुरला गंज फॉस्फेटात बदलते. टॅनिनचे द्रावण गंजाचे काळे फेरिक टॅनेट बनविते. हिरडा व हिराकस यांपासून शाई करणाऱ्यांना ही क्रिया फार पूर्वीपासून परिचित होती. मात्र गंजाचे असे रूपांतर झाले तरी खळग्यातील क्लोराइड जेथल्या तेथे राहते, हे या द्रव्यांच्या जाहिरातींत सांगितलेले नसते.

मग पत्रा शुद्ध झाला हे ओळखावे कसे? गाळणकागद पोटॅशियम फेरिसायनाइडच्या सौम्य द्रावणात भिजवून वाळवावा. पत्र्यावर शुद्ध पाण्याचा सूक्ष्म तुषार मारावा, तो दिसेनासा होताच कागद दाबून धरावा. विद्राव्य फेरस क्षार शिल्लक असल्यास त्या त्या ठिकाणी निळे ठिपके उमटतात. पुष्कळदा नुकत्याच झोताखालून निघालेल्या, आरशासारख्या पत्र्यावरही अशी नक्षी उमटते. ठिपके दिसल्यास पुन्हा धुवावे, लगेच वाळवावे, हलका झोत द्यावा आणि परीक्षा पुन्हा घ्यावी. संख्यात्मक मोजणी हवी असेल, तर ठरावीक क्षेत्रफळावरील क्षार शुद्ध पाण्यात उतरवून त्या पाण्याची विद्युत्-वाहकता मोजतात. क्षाराचा प्रकार तिने कळत नाही, पण निर्णयाला ती पुरते.

शुद्ध केलेल्या उघड्या पोलादावर दमट हवेत काही तासांतच तांबूस छटा चढते. म्हणून प्रायमर त्याच दिवशी, पत्रा कोरडा व दवबिंदूहून निदान तीन अंश उष्ण असताना द्यावा. कोकणात हे काम पावसाळ्यात काढू नये हे उघडच आहे. दारांखालच्या पोकळ तुळयांत ना झोत पोचतो ना ब्रश. तेथे कोणतेही आम्ल न घालता केवळ गोड्या पाण्याने धुऊन, कोरडी हवा सोडून आतून पातळ मेण फवारावे, आणि मूळ बांधणीत ठेवलेली निचऱ्याची छिद्रे मेणाने वा नव्या लेपाने बुजली नाहीत ना, हे तार घालून पाहावे.